पोटखराबा भरू नका, शहराचं पाणी तिथंच गाळलं जातं



आज पिकाची नोंद नाही, पाण्याची आहे. आवणी उरकलीय म्हणून लिहायला वेळ मिळाला, त्यामुळे जरा लांबलंय. निवांत वाचा.

सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. म्हणजे पिकाच्या उपयोगाची नाही अशी जमीन. आमच्या डोळखांब पट्ट्यात ती दोन तऱ्हेची. एक वरचा कातळ, त्याबद्दल मला आज काही म्हणायचं नाही. दुसरी खालची, ओहोळाच्या कडेची. तिथं दिवाळीपर्यंत पाय रुततो, लव्हाळा आणि पाणकणीस माजतं, म्हशी सोडल्या तर कोणी उतरत नाही. गेल्या काही वर्षांत ही खालची जमीन मुरमाखाली चाललीय. डंपर येतात, आठवड्यात जागा रस्त्याच्या पातळीला येते, मग ‘प्लॉट विकणे आहे’ असा बोर्ड लागतो. विकणारा खूश, घेणारा खूश, दलाल सगळ्यात खूश.

माझं म्हणणं असं की ही जमीन निरुपयोगी नाहीच. रस्त्यावरचं, बाजारपेठेतलं, वस्तीतलं पावसाचं घाण पाणी नदीत पडायच्या आधी जिथं थांबतं आणि गाळलं जातं, ती ही जागा. ती भरू नका. जी शिल्लक आहे ती प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी मुद्दाम राखा, आणि राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याचं भाडं द्या. सरकारनं द्यावं, नाहीतर खाली जे पाणी पितात त्यांनी द्यावं.

खाली कोण पितं? मुंबई पिते. आमच्या तालुक्यात तानसा आहे, १८९२ सालापासून. मोडकसागर आहे, १९५७ पासून. त्यांचं पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून जातं, आपण नुसते नळ बघत बसायचे. भातसाचं तसं नाही. धरणातून सोडलेलं पाणी उघड्या नदीतून वाहत जातं, पिसेच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि पांजरापूरला शुद्ध होतं. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं भातसाचं. आता ह्या उघड्या नदीच्या काठावर आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांवर काय आहे ते बघा. सापगाव आहे, वासिंद आहे, खडवली आहे. शहापूर शहराचं पाणी भारंगी नदीत पडतं. मुंबई-नाशिक महामार्ग आहे, रेल्वे आहे, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडल्यापासून समृद्धीही आहे. ह्या सगळ्या डांबरावर, काँक्रीटवर आणि पत्र्यांवर पडलेला पाऊस कुठं जातो? उताराला जातो. म्हणजे नदीत.

धरणाचं पाणी स्वच्छ, नदीही तशी स्वच्छ, मधे पडणारे नाले कोणाच्याच हिशेबात नाहीत. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की मुंबईकरांना पाणी गाळून, उकळून प्यायला सांगतात. शुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखी रसायनं जास्त घालावी लागतात. त्याला पैसा लागतो, तो दर साली खर्च होतो, आणि त्यावर कोणी तक्रार करत नाही. पण नाल्याच्या तोंडाशी दहा गुंठे पाणथळ राखायला पैसे मागितले की फाईल हलत नाही.

पहिल्या पावसाचं पाणी नुसतं डोळ्यांनी बघितलं तरी कळतं. आठ महिने रस्त्यावर जे साठलं ते सगळं पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत धुऊन निघतं. टायरची झिज, ब्रेकची भुकटी, सांडलेलं तेल, गॅरेजची काळी माती, शेण, प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या, बांधकामाची वाळू-सिमेंट. टायरमधून जस्त येतं, ब्रेकमधून तांबं येतं. नंतर जुलैमधे कितीही पाऊस झाला तरी त्या पाण्यात एवढं काही नसतं, कारण धुवायचं ते धुऊन झालेलं असतं. म्हणून लढाई ती पहिल्या पंधरवड्याची.

आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात वलगण लागते! आपल्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. पहिल्या पुराच्या पाण्याला मासा उलटा चढतो, नदीतून ओहोळात, ओहोळातून खाचरात, अंडी घालायला. मरळ, शिंगटी, वाम. ज्या वाटेनं मासा वर येतो त्याच वाटेनं रस्त्याचं तेलकट पाणी खाली येतं. दोघांची गाठ त्या खालच्या चिखलात पडायची, आणि तो चिखल मधे होता तोवर मासा वाचत होता. रस्त्याची मोरी आता थेट ओहोळात सोडलेली आहे तिथं वलगणीला रात्री बत्ती घेऊन उभं राहून बघा. मी तीन वर्षं एका मोरीखाली आणि एका जुन्या पाणथळीखाली अशा दोन जागी बघतोय. मोरीखाली मासा कमी, मुठे तर दिसतच नाहीत. हा काय प्रयोगशाळेचा अहवाल नाही, कबूल. पण कोणी प्रयोगशाळावाल्यांनी येऊन मोजावं, मी दोन्ही जागा दाखवीन, चहा पण पाजीन.

आता कृषीवाल्या साहेबांसाठी थोडं. ही जागा पाणी साफ करते म्हणजे काय करते?

एक, ती पाण्याचा वेग मारते. नाल्यातून धावत आलेलं पाणी एकदम पसरतं, गवताच्या काड्यांत अडकतं. वाळू लगेच बसते, बारीक गाळ बसायला दिवसभर लागतो. आणि घाणीतला मोठा भाग त्या बारीक गाळालाच चिकटलेला असतो. स्फुरद गाळाला चिकटतं, जस्त-तांबं गाळाला चिकटतं. गाळ थांबला की तेही बरंचसं थांबलं.

दुसरं जास्त गमतीचं आहे. तुम्हीच आम्हाला बैठकीत सांगता की भाताच्या साचल्या पाण्यात युरिया फेकू नका, नत्र हवेत उडून जातं. खरं आहे. वरच्या पातळ थरात हवा असते, तिथं अमोनियाचं नायट्रेट होतं. ते खाली काळ्या चिखलात गेलं की तिथं हवा नाही, तिथले जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जातं. शेतकऱ्याच्या खिशाला हे भोक आहे. पण तीच क्रिया शहराच्या पाण्यातल्या नत्रावर झाली तर नदीला औषध आहे. उल्हास नदीवर मोहन्याच्या बाजूला जलपर्णीची हिरवी चादर बघितली असेल तुम्ही, तिला खायला हेच नत्र आणि स्फुरद लागतं. खाचरात जे नुकसान म्हणून तुम्ही शिकवता तेच नाल्याच्या तोंडाशी काम म्हणून का शिकवत नाही?

तिसरं, गवताच्या मुळ्या आणि काड्या. त्यांच्यावर बुळबुळीत थर असतो, त्यातले जीव तेल आणि घाण खातात. लव्हाळा, पाणकणीस, देवनळ, वेखंड, कर्दळ, ही सगळी आपली ओळखीची मंडळी. काही विकत आणायला नको. फक्त दर वर्षी पाणी ओसरलं की कापून बाहेर काढायची. जागेवर कुजू दिली तर जे खाल्लं ते परत पाण्यात ओकतात.

थोडा हिशेब करू, कारण ‘एवढ्याशा डबक्यानं काय होणार’ हे मी फार ऐकतो. एक एकर काँक्रीटवर एक इंच पाऊस पडला की लाखभर लिटर पाणी होतं. एक एकर खोलगट जागेत वीतभर पाणी उभं राहिलं तर आठ लाख लिटर मावतं. म्हणजे सात-आठ एकर बाजारपेठेचा पहिला इंच एका एकरात थांबतो. पुस्तकी हिशेबातही पावसाच्या पाण्याच्या पाणथळीला पाणलोटाच्या शंभरात दोन ते पाच भाग जागा पुरते असं धरतात. आपल्या वाडीच्या, बाजारच्या नाल्याला ती काही गुंठ्यांत बसते.

मात्र आपल्याकडं सालाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जुलैतल्या धो-धो पावसाचं सगळं पाणी अशा जागेत घालायचं म्हटलं तर गाळ, गवत, बांध सगळं वाहून जाईल. म्हणून तोंडाशी वाटणी पाहिजे. पहिलं पाणी आत, आणि पातळी वर चढली की बाकीचं सांडव्यावरून सरळ ओहोळात. आत शिरतं तिथं एक खोल खड्डा, त्यात वाळू आणि प्लास्टिक पडेल, तो उन्हाळ्यात जेसीबीनं काढता येईल. पुढं उथळ, गुडघ्याच्या आत, गवताचं. पाणी आत शिरल्यापासून बाहेर पडायला निदान एक दिवस लागला पाहिजे. नालीसारखं सरळ काढलं तर तासात निघून जाईल आणि काही उपयोग नाही. ज्याला खाचराचे बांध आणि पाणी फिरवणं कळतं त्याला हे कळायला इंजिनीअर लागत नाही. इंजिनीअर आला तर स्वागत आहे, पण त्यानं दगडी पिचिंग करू नये.

पिचिंगवरून आठवलं. तळं सुशोभीकरण नावाचा एक रोग आलाय. चारी बाजूंनी उभी भिंत, फरसबंदी, बाकडी, मधे कारंजं, आणि नावाची पाटी. जिथं पाणी आणि जमीन एकमेकांत मिसळतात ती उथळ कडच सगळं काम करते, आणि सुशोभीकरणात पहिली तीच मरते. उरतं ते हौद. त्यात गटाराचं तोंड तसंच.

आता कायद्याकडं. पाणथळ जागांचे केंद्राचे नियम आहेत, २०१७ चे. त्यात पाणथळ कशाला म्हणायचं ह्यातून भातखाचरं सरळ वगळलीत. नदीचं पात्रही वगळलंय, सिंचनासाठी बांधलेली तळीही. देशभरात दोन लाखांवर पाणथळींची जी यादी सुप्रीम कोर्टापुढं आहे ती सव्वादोन हेक्टरच्या वरच्यांची. आमच्या डोंगरपट्टीत सव्वादोन हेक्टरची सलग पाणथळ शोधून दाखवा! इथं सगळं पाच गुंठे, वीस गुंठे, दोघा भावांत वाटलेलं. म्हणजे आमची एकही जागा यादीत नाही. गंमत अशी की ज्या रामसर करारावरून हे सगळं आलं, १९७१ चा इराणमधला, त्यात भातखाचर ही माणसानं केलेली पाणथळ म्हणून धरलेली आहे. २००८ ला कोरियात चांगवॉनच्या बैठकीत तर भातखाचरांवर वेगळा ठराव झाला. आपल्या ठाण्याची खाडी २०२२ ला रामसर यादीत गेली, फ्लेमिंगोचे फोटो सगळ्या पेपरात आले, चांगलं झालं. पण ह्या डोंगरांवरून उतरणारं पाणी, शाई-काळूकडं जावो नाहीतर भातसाकडं, उल्हासला मिळून खाडीलाच जातं. खालची खाडी जपायची आणि वरच्या गाळण्या मुरमानं बुजवायच्या, हे कुठलं शहाणपण?

मला नियमात भातखाचरं घाला असं मात्र म्हणायचं नाही. घातली तर उद्या बांध घालायलाही परवानगी लागेल आणि शेतकरी अडकेल. माझी मागणी वेगळी आहे. ओहोळाकडेचा, नाल्याच्या तोंडाचा पोटखराबा ग्रामपंचायतीनं मोजून नोंदवावा. बिनशेती करताना, रस्ता करताना त्या तुकड्यावर भराव टाकायला बंदी. आणि मालकाला दर साली भाडं. बंदी आहे आणि भाडं नाही, असं केलंत तर लोक रात्रीचे डंपर लावतील. मी त्यांना दोषही देणार नाही. पोरीचं लग्न असतं, दवाखाना असतो, आणि दलाल नोटा घेऊन दारात उभा असतो.

भाडं का टिकतं त्याचं उदाहरण कोलकात्याचं आहे. शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरच्या पाणथळी, २००२ पासून रामसर यादीत. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत जातं, उन्हानं आणि शेवाळानं साफ होतं, त्यात मासे होतात, पुढं ते पाणी भाताला जातं. ध्रुवज्योती घोष नावाच्या सरकारी इंजिनीअरनं हे जगाला समजावून सांगितलं. पण ते उभं केलं आणि चालवलं मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी, कारण त्यातून त्यांचं पोट भरतं. तिथंही बिल्डरांचा डोळा आहेच.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, नवी मुंबईचं. सिडकोनं शहर वसवताना धारण तलाव केले. भरती आली की दारं बंद, शहराचं पावसाचं पाणी तलावात थांबायचं, ओहोटीला बाहेर. कल्पना उत्तम. पुढं त्यात गाळ भरला, खारफुटी उगवली, आणि खारफुटीला हात लावायला कोर्टाची परवानगी लागते म्हणून गाळ काढणं अडून बसलं. ह्यातून आपण एवढंच घ्यायचं की गाळ कोण काढणार, कधी काढणार आणि कुठं टाकणार, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवायचं.

कुठं टाकणार, हे महत्त्वाचं. धरणातला, तलावातला गाळ शेतात टाकायची योजना आपल्याकडं चालते, चांगली योजना आहे. पण हा गाळ त्यातला नाही. ह्यात रस्त्याचं जस्त-तांबं-तेल बसलेलं असणार. तपासल्याशिवाय भाजीच्या वाफ्यात, भाताच्या खाचरात टाकायचा नाही. फुकट मिळतो म्हणून कोणी नेऊ नका.

त्याच कारणानं सांगतो, शहराचं पाणी माझ्या पिकत्या खाचरात सोडा असं मी म्हणत नाही. मागे आमच्याच बाजूला एका नव्या लेआऊटची मोरी थेट शेजाऱ्याच्या खाचरात काढली. राबावर तेलाचा तवंग आला, रोपं पिवळी पडली. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, पाणी उताराला जाणारच. जाणारच, पण उतारावर आधी लव्हाळ्याचा पट्टा होता, तो तुम्हीच भरलात. मधला पट्टा काढला आणि घाण थेट अन्नात आली, असा हा प्रकार.

आणि गटाराचं पाणी? ते तर नकोच. काही हौशी लोक म्हणतात, पाणथळ सगळं साफ करते, मग संडास-मोरीचं पण सोडा. आपल्या छोट्या शहरांत गटार आणि पावसाचं पाणी एकाच नाल्यातून वाहतं ही खरी अडचण आहे, आणि ती आधी सोडवावी लागेल. मैलापाण्याला वेगळी व्यवस्था पाहिजे. नागपूरच्या नीरीनं फायटोरिड म्हणून पद्धत काढलीय, खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस लावून सांडपाणी साफ करायचं. ग्रामपंचायतीला परवडण्यासारखी आहे, पण ती बांधीव असते, मोजून केलेली असते. ओहोळाकडेच्या रानात टाकी उपसून सोडणं म्हणजे फायटोरिड नव्हे.

शेतकऱ्यांनाही दोन शब्द. शहराकडं बोट दाखवताना आपल्या खाचरातून पहिल्या डोसानंतर काय वाहून जातं तेही बघा. चारसूत्रीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधे खोचायला सांगितल्यात त्या उगाच नाहीत. नत्र मातीत राहतं, खतही कमी लागतं. बाजूला ओहोळाकडेचा चार हातांचा गवताचा पट्टा तणनाशक मारून साफ करू नका. तिथं तण नाही, ती तुमची गाळणी आहे.

शेवटी मच्छरांचं. हा आक्षेप ग्रामसभेत हमखास येतो, आणि गप्प बसवायला पुरतो. मच्छर होतात साचल्या, मासे नसलेल्या पाण्यात. टायरमधे, डब्यात, तुंबलेल्या गटारात, आणि सुशोभित तळ्याच्या बंद पडलेल्या कारंज्यात. जिथं पाणी हळू का होईना पुढं सरकतं, बेडूक आहेत, चतुर आहेत, मासे आहेत, तिथं अळी फार टिकत नाही. पाऊस संपल्यावर जी डबकी सुटी पडतात ती बुजवायची किंवा त्यात गप्पी सोडायचे, आरोग्य उपकेंद्रात विचारलं तर तिथं सांगतात कुठं मिळतील ते. येत्या ग्रामसभेला मी ओहोळाकडेच्या पोटखराब्याची यादी घेऊन जातोय, गट नंबरासकट. आजूबाजूच्या गावात कोणाला करायची असेल तर उन्हाळ्याची वाट बघू नका. आत्ता, भाद्रपदात, जिथं पाय रुततो तिथं काठी रोवून या. एप्रिलमधे मोजायला गेलात तर सगळी जमीन कोरडीच दिसेल.